ज़रा और दिखाइए

थोरलीला हिंदी येतं असं म्हणणं म्हणजे कुऱ्हाडीला सुतारकाम येतं म्हणण्यासारखं होतं. काम व्हायचं, पण ढलप्या उडायच्या. तिच्या वडिलांचं मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज होतं. तिथले कारागीर हिंदी बोलायचे, सुटे भाग विकायला येणारे हिंदीतच भांडायचे, आणि शाळा सुटली की ही जुन्या टायरवर बसून गणितं सोडवता सोडवता ते सगळं कानात साठवायची. त्यामुळे तिच्या हिंदीत भाव विचारायची वाक्यं होती, भाव पाडायची होती, आणि भाव पडला नाही तर उठून जायची होती. ‘कितने का?’, ‘इतना कायको?’, ‘लास्ट बोलो’, ‘नहीं तो मैं चली.’ त्या पलीकडचं हिंदी तिला कधी लागलंच नाही.

लग्न होऊन ती ज्या घरात आली त्या घरात एकीला एवढंही येत नव्हतं. सासरे नोकरीच्या निमित्ताने या शहरात आले होते आणि इथलेच झाले होते. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. सासऱ्यांचं ऑफिसात भागायचं, मुलं गल्लीत खेळून शिकली, राहिल्या त्या सासूबाई. त्यांना घरात सगळे आई म्हणत. आई दुकानात गेल्या की मुक्या व्हायच्या. बोटाने दाखवायच्या, दुकानदार सांगेल ते देऊन टाकायच्या आणि घरी येऊन गुपचूप पिशवी रिकामी करायच्या.

नव्या सुनेने हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. साध्या प्लॅस्टिकच्या बादलीला दुकानदाराने जो भाव सांगितला होता त्यात गॅरेजमध्ये सायलेन्सर बदलून मिळाला असता. त्याच दिवशी, बाजारातून परत येताना, तिने आईंना डाव शिकवला.

“हे बघा आई, मी एखादी वस्तू हातात घेतली की तुम्ही फक्त एक करायचं. तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, नको.”

“आणि आवडली असली तर?”

“तरी नको. तुम्ही नको म्हणालात की त्याचा जीव खाली-वर होतो. पुढचं माझ्यावर सोडा. तुम्ही काही बोलायचंच नाही.”

आणि खरोखरच तो डाव असा काही बसला की बाजारभर या दोघींचं नाव झालं. थोरली वस्तू उचलायची, आई नाक मुरडून ‘नको गं बाई’ म्हणायच्या, थोरली ती वस्तू मेलेल्या उंदरासारखी खाली टाकायची आणि दुकानदाराला ऐकवायची, “चलो, अम्मा को पसंद नहीं.” दोघी दाराकडे निघायच्या. मागून हाक यायची. परत यायच्या. आई पुन्हा नको. भाव पुन्हा खाली. थोरलीचा नवरा मित्रांना सांगायचा, “आमच्या घरात पाडकाम खातं आहे. इमारती नाही पाडत, भाव पाडतं.” थोरली वरवर चिडायची, पण हे बोलणं तिला आतून फार आवडायचं.

तिला बाजार आवडायचा तो आणखी एका कारणासाठी, आणि ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिची स्वतःची आई ती लहान असतानाच गेली होती. सासरी आई मिळाली खरी, पण घरातल्या आई सगळ्यांच्या होत्या. मुलांच्या, नातवंडांच्या, शेजारणींच्या, अगदी दूधवाल्याच्यासुद्धा. दर रविवारी सकाळी, पिशव्या घेऊन बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत, त्या फक्त हिच्या असायच्या. रस्ता ओलांडताना आई तिचा हात धरायच्या. बास, तेवढ्यासाठी थोरलीने कितीही भांडणं केली असती.

आणि मग धाकटी आली.

लग्न होऊन नवी आली नव्हती. धाकट्या भावजींची बदली इथे झाली म्हणून बिऱ्हाड उचलून दोघं घरी राहायला आली. धाकटी आधी विमानतळावर चौकशीच्या खिडकीत कामाला होती. तिचं हिंदी इस्त्री केलेलं होतं. ‘जी’, ‘कृपया’, ‘ज़रा’, ‘आपको तकलीफ़ न हो तो’. ती रिक्षावाल्याशी बोलली की रिक्षावाला सरळ बसायचा. थोरलीने पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला सांगून टाकलं, “हिच्याच्याने इथला बाजार होणार नाही. इथे ‘कृपया’ म्हणणाऱ्याला दुकानदार सालासकट खातो.”

“मग तिला नको नेऊस,” नवरा म्हणाला.

“मी कशाला नेते!”

नेलं नाहीच. पण एका रविवारी थोरलीची कंबर धरली. वाकली ती तशीच राहिली. आईंना उशांचे अभ्रे हवे होते. थोरली पलंगावरून म्हणाली, “राहू द्या, पुढच्या रविवारी बघू,” तेवढ्यात धाकटी चपला घालूनसुद्धा तयार होती. “वहिनी, तुम्ही पडा. मी जाते आईंबरोबर.”

दोघी गेल्या त्या जेवायची वेळ टळून गेली तरी परतल्या नाहीत. थोरली पलंगावर पडून दाराकडे कान लावून होती. कंबर दुखत होतीच, पण आता दुखणं कमरेच्या वर सरकलं होतं. शेवटी जिन्यावर हसण्याचा आवाज आला. आईंचं हसणं. असं खळखळून, दम लागेपर्यंतचं हसणं तिने बाजारातून येताना कधी ऐकलं नव्हतं.

“काय आणलंत?” तिने आतूनच विचारलं.

“काही नाही,” आई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. “बघून आलो.”

“बघून?”

“अगं, किती दाखवलं त्याने! ही नुसती म्हणायची, ‘ज़रा और दिखाइए’, की तो आणखी गठ्ठा काढायचा. फुलांचे, रेघांचे, साधे, कडेला भरतकाम केलेले. मला माहीतच नव्हतं त्याच्याकडे इतकं असतं म्हणून. इतकी वर्षं जातोय आपण तिथे.”

“आणि एवढं काढायला लावून काहीच घेतलं नाही? चिडला असेल.”

“नाही चिडला,” धाकटी पाणी आणता आणता म्हणाली. “आई म्हणाल्या, घरी विचार करून उद्या रंग ठरवते. तो म्हणाला, ज़रूर आइए.”

थोरलीने भिंतीकडे कूस बदलली. बाजार म्हणजे काय प्रदर्शन आहे, बघून यायला? दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा गेल्या आणि फिक्या पिवळ्या रंगाचे, बारीक पांढऱ्या फुलांचे अभ्रे घेऊन आल्या. सांगेल त्या भावाने. थोरलीने भाव ऐकला आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“लुबाडलं की हो तुम्हाला!”

“असू दे गं,” आई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने ते अभ्रे उशांना घालायला बसल्या. घालून झाल्यावर त्यांनी उशीवरून तळहात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. थोरली ते दारातून बघत होती. तिने आणून दिलेल्या वस्तूवरून आईंनी असा हात फिरवल्याचं तिला आठवेना. तिने लगेच स्वतःची समजूत घातली की नव्याचे नऊ दिवस असतात.

नऊ दिवस कधीच होऊन गेले. आता घरात शिकवणी सुरू झाली होती. दुपारची कामं आटोपली की आई जेवणाच्या टेबलाशी बसायच्या आणि धाकटी दुकानदार व्हायची. टेबलावर घरातलेच टॉवेल, नॅपकिन, भावजींचे शर्ट मांडायची आणि विचारायची, “आइए अम्माजी, क्या दिखाऊँ?” आई लाजत, अडखळत, मधेच मराठीत घसरत उत्तर द्यायच्या.

“इसमें... दूसरा रंग है?”

“है ना! ये देखिए.”

“ये थोड़ा भारी है. इससे हल्का दिखाइए.”

“शाब्बास! आता हात लावून बघायचंय, तर काय म्हणाल?”

“ज़रा पास से देखूँ?”

“आणि काहीच नाही आवडलं तर?”

“आज नहीं. सोचकर बताती हूँ.” एवढं मोठं वाक्य न अडखळता आल्यामुळे आईंनी स्वतःच टाळी वाजवली.

थोरली ओट्याशी घेवडा मोडत होती. शेंगा ज्या आवाजाने मोडत होत्या त्यावरून कुणालाही तिच्या मनातलं कळलं असतं. ती पाठ न वळवता म्हणाली, “आई, ‘सोचकर’ म्हणालात की दुकानदार समजतो, गिऱ्हाईक गेलं. मग तो भाव उतरवायचं नाव घेत नाही.”

“मग नको उतरवू दे,” आई म्हणाल्या. “मी रंगाचं विचारतेय.”

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण थोरलीने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, पण ती कुठे झोंबते हे तिला त्या दुपारी समजलं. नवरा चहा मागायला स्वयंपाकघरात आला तेव्हा तिने त्यालाच धरलं.

“मी इतकी वर्षं नेते ना त्यांना? मला कधी म्हणाल्या का, मला हिंदी शिकव म्हणून?”

“शिकवलं असतंस?”

“म्हणजे काय!”

“नाही, आपलं विचारलं. त्यांना बोलता आलं असतं, तर तुझं काय काम उरलं असतं?” तो गमतीत बोलला आणि चहा घेऊन बाहेर गेलाही. थोरली नळ सोडून तशीच उभी राहिली. माणसं गमतीत बोलतात आणि आपल्याला मात्र रात्रंदिवस पुरतं. तिने नळ इतका जोरात बंद केला की वायसर गेला.

तिला धाकटीत दोष सापडत नव्हते हीच खरी पंचाईत होती. धाकटी उद्धट असती तर बरं झालं असतं. ती सकाळी लवकर उठायची, वहिनी वहिनी करत मागे मागे असायची, कंबर धरली होती तेव्हा गरम पाण्याची पिशवी तिनेच आणून दिली होती. अशा माणसाचा राग करायचा म्हणजे आधी त्याला मनातल्या मनात वाईट करून घ्यावं लागतं. थोरलीने तेही केलं. ही मुद्दाम गोड बोलते. ही आईंना माझ्यापासून तोडते. हिला वरवरचं हिंदी येतं, बाजार येत नाही. असं दिवसभर घोळवलं की संध्याकाळपर्यंत खरं वाटू लागायचं.

थंडी सुरू झाली तेव्हा आईंच्या जुन्या कोटाचं अस्तर फाटून लोंबायला लागलं होतं. दोन्ही मुलांनी मिळून सांगितलं की या वर्षी आईला चांगला नवा कोट घ्यायचा, काटकसर नाही. सगळे सकाळी चहाला बसले होते. थोरलीने मनात दुकान ठरवूनही टाकलं. मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीतला कोटवाला. जाड माणूस, पण नरम पडतो.

“या वेळी धाकटीला घेऊन जाते,” आई म्हणाल्या.

थोरलीच्या कपातल्या चहावर साय धरली. मग तिला एक विचार सुचला आणि तिचा जीव जरा थाऱ्यावर आला. धाकटीला डाव माहीत नव्हता. दुकानात कोट हातात आला की आई सवयीने ‘नको’ म्हणणार. वीसेक वर्षांची सवय, शिकवणीने थोडीच जाते! धाकटी ते खरं धरणार, ‘जी शुक्रिया’ म्हणून कोट परत ठेवणार, आणि दोघी हात हलवत घरी येणार. मग आईंना कळेल बाजार कुणामुळे होत होता. सांगावं का धाकटीला? थोरलीने तो प्रश्न जिभेवर आलेला गिळून टाकला. ज्याचं त्याने शिकावं.

पण असला तमाशा व्हायचा आणि तो आपण बघायचा नाही, हे कुणाला जमतं? दोघी निघताना ती पर्स घेऊन दारात उभी. “मीपण येते. मला बटणं घ्यायचीत.”

“चला ना वहिनी!” धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद खरा होता, हे थोरलीला मुळीच आवडलं नाही. रस्ता ओलांडताना आईंनी धाकटीचा हात धरला. कारण साधं होतं, धाकटी त्या बाजूला होती. पण मत्सराला असली साधी कारणं पटत नाहीत.

कोटवाल्याचं दुकान बोळासारखं लांबट होतं. दोन्ही बाजूंना पाइपांवर कोट टांगलेले, वर आणखी एक रांग, आणि तिथले काढायला लांब काठीला लोखंडी आकडी लावलेली. डांबराच्या गोळ्यांचा वास. मागच्या भिंतीला उभा आरसा आणि त्याच्यापुढे एक बसायचं स्टूल. कोटवाला गळ्यात मापाची टेप घालून बसला होता. धाकटी आणि आई आत शिरल्या तेव्हा तो हसला. त्यांच्या मागून थोरली आली तेव्हा त्याचं हसू आपोआप मावळलं आणि त्याने हातातला चहा बाजूला ठेवला. हातघाईच्या प्रसंगाला हात मोकळे असलेले बरे. थोरलीला तेवढंच बरं वाटलं.

“अम्माजी के लिए गरम कोट दिखाइए,” धाकटी म्हणाली. “लंबा, और वज़न में हल्का.”

तो काढत गेला. आई एकेक घालून बघत होत्या. धाकटीची वाक्यं संपत नव्हती. इसी में और कौन-से रंग हैं? कॉलर छोटा वाला दिखाइए. जेब अंदर भी है क्या? ऊपर वाला भी उतार दीजिए, तकलीफ़ माफ़ कीजिए. आणि तो जाड माणूस, जो थोरलीपुढे कोट असे आपटायचा की धूळ उडावी, तो आज आकडी उंच करकरून कोट उतरवत होता, झटकत होता, आईंच्या मागे उभा राहून बाह्या धरत होता. मधूनच आईसुद्धा एखादं वाक्य कुजबुजायच्या, पण धाकटीच्या कानात. त्याला ऐकू जाईल असं बोलायचा धीर अजून झाला नव्हता. थोरली बटणांच्या डब्याशी उभी राहून एकच बटण उलटंपालटं करत होती.

मग वरच्या रांगेतून एक गडद निळा कोट खाली आला. आत राखाडी अस्तर, मोठी गोल बटणं. आईंनी तो घातला नाही. आधी नुसता मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या आणि त्याच्या कॉलरवरून तळहात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

तो हात थोरलीने ओळखला. तिच्या छातीत काहीतरी पेटल्यासारखं झालं, आणि आपण नुसता तमाशा बघायला आलोय हे ती साफ विसरली. निळ्या कोटाला लावलेली भावाची चिठ्ठी तिने लांबूनच वाचली होती. हा कोटवाला सांगेल त्या भावाने ही बया तो घेणार, आणि घरी सगळे म्हणणार, वा, धाकटीने किती छान कोट निवडला! तिने बटण डब्यात टाकलं, खालच्या पाइपावरून एक करडा कोट ओढून काढला आणि मधे येऊन उभी राहिली.

“आई, हा बघा. ऊब तीच आहे.”

आईंनी मान वर केली. करड्या कोटाकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं. “नको गं,” त्या म्हणाल्या.

थोरलीच्या अंगावर आनंदाने काटा आला. आठवण आहे! एवढ्या शिकवण्या झाल्या, एवढं ‘दिखाइए’ झालं, पण मी हातात वस्तू घेतल्याबरोबर आई माझ्याच डावात उभ्या राहिल्या. तिने विजयी नजरेने धाकटीकडे पाहिलं आणि करडा कोट काउंटरवर टाकला. “चलो, अम्मा को पसंद नहीं. इतना कायको लगाया?”

कोटवाल्याने उसासा टाकून एक आकडा सांगितला.

“वहिनी,” धाकटी हळूच म्हणाली, “त्यांना तो नकोय.”

“तू थांब गं. आमचं ठरलेलं आहे ते.” आणि तिने आईंचा दंड धरून त्यांना स्टुलावरून उठवलंच. निळा कोट घसरून खाली पडला. धाकटीने तो उचलला. थोरली आईंना घेऊन दारापर्यंत गेली आणि मागून हवी ती हाक आली. ती वळली, परतली, करडा कोट पुन्हा उचलला. “क्या आई? लेंगे क्या?”

“नको,” आई म्हणाल्या. या वेळी आवाज मोठा होता. थोरलीला वाटलं, वा, काय रंग भरतायत आज! कोटवाला आणखी खाली आला. मग आणखी. अशी घसरगुंडी त्या दुकानात कधी झाली नव्हती. शेवटचा आकडा ऐकून तिचा तिलाच विश्वास बसेना. निळ्याच्या पावही नाही. ती पर्स उघडून नोटा काढायला लागली, आणि मनात एकच होतं की आता घरी जाऊन हे सांगायचं, सगळ्यांसमोर, धाकटी बसलेली असताना.

“भैया.”

दुकानात कुणीतरी बोललं. कोटवाल्याने आजूबाजूला बघितलं. आई काउंटरला एक हात टेकून उभ्या होत्या. त्यांची मान थोडी हलत होती, पाठ केलेलं म्हणताना मुलांची हलते तशी.

“भैया, यह मुझे नहीं चाहिए. वह नीला वाला... ज़रा फिर से दिखाइए.”

कोटवाला हलला नाही. इतक्या वर्षांत ही बाई ‘नको’पलीकडे काही बोलते हेच त्याला माहीत नव्हतं. त्याने सवयीने थोरलीकडे बघितलं, करू का म्हणून. ते आईंनी पाहिलं, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“उनको क्या देखते हो? मुझे दिखाइए. मेरा कोट है.”

धाकटीने हातातला निळा कोट पुढे केला. थोरलीच्या एका हातात करडा कोट होता, एका हातात नोटा.

“अहो आई, पण तुम्ही नको म्हणालात म्हणून तर मी...”

“नको म्हणजे नको गं.”

“पण आपलं ठरलंय ना तसं!”

“ठरलंय म्हणूनच तर.” आईंचा आवाज खाली आला. त्या रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या. “कधीकधी मला खरंच नको असायचं. ते चौकटीचे पडदे. तो तपकिरी पलंगपोस. तुझ्या सासऱ्यांच्या निवृत्तीला घेतलेल्या त्या चपला, दोन्ही टाचा सोलल्या होत्या माझ्या.”

“मग सांगायचं नाही का मला?”

“सांगत होते की,” आई म्हणाल्या. “दर वेळी काय म्हणत होते मी?”

थोरलीने करडा कोट काउंटरवर ठेवला. तिने नोटा पर्समध्ये कोंबल्या. आपली चूक काय आणि केवढी, ते तिला लख्ख दिसत होतं, आणि तरीही मनातून पहिला राग आला तो धाकटीचाच. ही आली नसती तर हे कधीच बाहेर आलं नसतं. पडदे आपले लटकत राहिले असते आणि मीही सुखात राहिले असते. तिने धाकटीकडे बघितलं. धाकटी हसत नव्हती, फरशीकडे बघत होती, जणू काही ऐकलंच नाही. त्या भलेपणाने तर थोरलीचा जीव आणखी जळला.

आईंनी निळा कोट घातला आणि आरशापुढे उभ्या राहिल्या.

“छान दिसतोय आई!” धाकटी म्हणाली. “अगदी तुमचाच.”

आईंनी डावी-उजवीकडे वळून बघितलं. मग आरशातूनच थोरलीला विचारलं, “तू सांग. हिला सगळंच छान दिसतं.”

थोरली बोलणार नव्हती. पण विचारल्यावर तिने बघितलं, आणि बघत राहिली. इतकी वर्षं दुकानात तिची नजर चिठ्ठीवर नाहीतर दुकानदाराच्या तोंडावर असायची. आईंच्या अंगावर काय कसं दिसतं हे बघायला तिला फुरसतच झाली नव्हती. किती बारीक झाल्या होत्या त्या! मान कॉलरमध्ये बुडाली होती आणि खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. निळा रंग मात्र त्यांना फार शोभत होता. तेवढं तिला कबूल करावंच लागलं.

“रंग चांगला आहे,” ती म्हणाली. “पण खांद्यात उतरतोय. एक माप लहान पाहिजे.”

“बघ, मला तेच वाटत होतं,” आई म्हणाल्या. “मग माग त्याच्याकडे.”

धाकटीने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. थोरली कोटवाल्याकडे वळली. तिने अजून श्वासही घेतला नव्हता, तोच त्याने दोन्ही हात वर केले.

“बहनजी, नीले वाले में एक पैसा कम नहीं होगा. पहले ही बोल देता हूँ.”

आईंना हसू फुटलं. धाकटीलाही आवरेना. थोरलीचे कान तापले. अख्ख्या बाजारात आपली काय ओळख आहे, ते तिला त्या माणसाच्या वर केलेल्या दोन हातांत दिसलं.

“कम नहीं मांगती मैं,” ती म्हणाली. “छोटा मांगती. अम्मा के कंधे का.”

कोटवाल्याने मान डोलावली, पण तो जागचा हलला नाही. पुढे काय येतंय याची वाट बघत आकडी हातात धरून तो तसाच उभा राहिला. पुढे काहीच आलं नाही, तेव्हा कुठे तो आत गेला.